गयाबाईचा अंगठा

सोनीला उचलायला माणसं आली, तेव्हा गयाबाईने तिच्या तोंडात बोट घातलं आणि म्हणाली, "थांबा जरा. दात फुटून राहिलाय."

पोरगी पहाटेच गेली होती. हगवणीने दोन दिवसांत तिचं चिपाड झालं होतं. गयाबाईचा नवरा म्हणाला, "गये, सोड आता." तिने सोडलं नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "सुमनबाई, तू बघ बरं. ह्यास्नी वाटतंय मी येडी झाले."

मी बोट लावलं. खालच्या हिरडीत करवतीच्या पात्यासारखं काहीतरी टोचलं. दात खरंच येत होता. मी म्हणाले, "हाव, येतोय." मग तिने पोरगी हातची दिली.

ही बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. आमचं गाव जळकोटच्या बाजूला. गयाबाई माझी शेजारीण, मध्ये एकच भिंत. दोघी तलावाच्या कामावर खडी फोडायला जायचो. तिला सोनी एकटीच. माझी कांता तिच्याच वयाची.

तऱ्हेवाईक ती आधीपासूनच होती. सोनीचा दुधाचा दात पडला तो कामावर मिळणारी सुकडी खाताना. आमच्याकडे पडलेला दात उंदराच्या बिळात टाकतात आणि म्हणतात, जुना घे, नवा दे. उंदराचे दात सरळ आणि टोकदार, म्हणून तसेच मागायचे. पण त्या साली गावात दाणा नव्हता, म्हणून उंदीरही नव्हते. ही बाई दात पदरात बांधून दारोदार फिरली. "तुमच्याकडं उंदीर हाय का वं?" ज्यांच्या कणग्या रिकाम्या, त्यांना ही चेष्टा वाटली. एक म्हातारी म्हणाली, "उंदीर कुठला माय, मुंगी बी दुसऱ्या गावाला गेली." शेवटी गयाबाईने दात नवऱ्याच्या तंबाखूच्या डबीत ठेवला. नवरा ओरडला. ती म्हणाली, "उंदीर आले की तुमची डबी देते."

सोनी गेल्यावर नवऱ्याने डबी परत मागितली नाही. तो पुढे हैदराबादला कामाला गेला आणि तिकडेच राहिला. गयाबाई गल्लीतल्या सगळ्या पोरांचे दात त्या डबीत जमा करू लागली. कोणाचा दात हलतोय हे पोराच्या आईच्या आधी तिला कळायचं. पोराचं नाव विचारायची नाही, बाप कोण विचारायची नाही. "आ कर," एवढंच. पोरं तिच्या दारावरून तोंड मिटून पळायची.

पुढच्या साली पाऊस झाला, ज्वारी घरात आली आणि उंदीर आले. सगळं गाव उंदरांच्या नावाने बोटं मोडत होतं, आणि ही बाई कणगीपाशी बसून हसत होती. माझी मांजर तिच्या घरात शिरली तर तिने चप्पल फेकून मारली. मी भांडायला गेले तर म्हणते, "तुझी मांजर बांधून ठेव. लेकरांचं काम अडून राहिलंय." एकेक दात तिने एकेका बिळात टाकला. सोनीचाही त्यातच होता. तो कुठल्या बिळात गेला, ते मी विचारलं नाही.

त्याच सुमाराला कांताचा पुढचा दात वाकडा निघाला. एक पाय पुढे टाकून उभ्या राहिलेल्या माणसासारखा. गयाबाईने कपाळावर हात मारला. "सुमनबाई, पोरीचा दात बाहेर निघालाय आणि तू झोपलीस काय?"

त्या दिवसापासून तिने अंगठा सुरू केला. सकाळी राखुंडीने दात घासून कांता पायरीवर बसायची आणि गयाबाई तिच्या दातावर अंगठा ठेवून दाबत बसायची. चूल पेटायची, चहा व्हायचा, तरी हिचा अंगठा तिथेच. कांता चावायची. गयाबाई म्हणायची, "चाव. चावायला तरी दात हायेत." पोरगी शाळेत जायला लागली, सातवी झाली, पदर घ्यायला लागली, तरी अंगठा सुटला नाही. दात तसूभर हलला नाही.

लातूर जिल्हा झाला तेव्हा गावात गुळाच्या खड्यासारखी बातमी वाटली गेली. आता उस्मानाबादला जायला नको, कचेऱ्या जवळ आल्या, नोकऱ्या लागतील. गयाबाईने सरपंचाला एकच विचारलं, "नव्या जिल्ह्यात दाताचा डाक्टर देणार का न्हाई?" सरपंच म्हणाला, आधी कलेक्टर तर बसू दे. ती म्हणाली, "त्यो बसून काय दात बघणार हाय?"

त्याच नव्या जिल्ह्याच्या कचेरीत शिपाई लागलेल्या एका मुलाचं स्थळ देवणीहून कांताला आलं. सरकारी नोकरीचा मुलगा आमच्या गल्लीत पहिल्यांदाच येत होता. मी गयाबाईला बजावलं, तू यायचं नाही. ती आलीच. धुतलेलं लुगडं नेसून दाराशी बसली.

पोहे झाले. मुलाच्या आईने कांताला वरून खाली पाहिलं आणि म्हणाली, "पोरगी कामाची दिसती. पण दात पुढं हाय की वं."

माझे मालक खाली बघायला लागले. तेवढ्यात गयाबाई उठली आणि मुलापुढे जाऊन म्हणाली, "आ कर."

मुलगा बावळट. त्याने केला.

"मागची दाढ किडलीय. गूळ लई खातो काय रे?"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मुलाची आई तापली. "आमच्या पोराचं राहू द्या. सुनेचं तोंड मला जल्मभर बघायचंय. दात वाकडा हाय का न्हाई, सांगा."

त्या दाताला वाकडा म्हणून म्हणून हिनेच गाव डोक्यावर घेतलं होतं.

"वाकडा हाय," गयाबाई म्हणाली. "मी लई दाबला. न्हाई बसला." मग हळू आवाजात म्हणाली, "पण आलाय तर खरं. लेकराचा दात आलाय, बाई. त्याला नावं ठेवू नये."

कोणाला काही कळलं नाही. मुलगा मात्र कांताकडे बघून हसला, आणि ती पण हसली, दात न झाकता. लग्न तिथेच ठरलं.

पाहुणे गेल्यावर मी गयाबाईला धरलं. "इतकी वर्षं दाबून दाबून पोरीला रडवलंस. आणि आज एकदम राहू दे म्हणतीस?"

ती उष्ट्या बश्या गोळा करत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "दाबत कुठं व्हते? चाचपत व्हते."

बश्या दोघींनी धुतल्या.

दुष्काळाच्या साली तलावाच्या कामावर आमच्या गल्लीतल्या ज्या पोरी हगवणीने पडल्या, त्यांत कांताही होती. सोनीच्या शेजारीच, एकाच गोधडीवर निजवली होती. त्यांतली ती एकटी उठली.