उदाजीरावांच्या मोटारीस हाताचा दांडा बसविला त्याची हकीगत

श्रीगणेशास नमस्कार करोन, जे डोळ्यांनी पाहिले तितुकेच लिहावे, पदरचे घालू नये, ऐसी शपथ वाहोन लिहिणार लिहितो ऐसे जे, शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभननाम संवत्सरे, चैत्रमासी या राज्यात एक प्रकरण उभे राहिले आणि ते कार्तिकापावेतो चालले. प्रकरण एका लोखंडी दांड्याचे. दांडा वीतभर लांबीचा, आणि मध्ये अधिक श्रावण पडला तो धरोन त्यास नऊ महिने लागले. का लागले ते आठविले म्हणजे आजही माझे डोके उठते. परंतु अर्ज सारे माझ्या हातचे आणि प्रत्येक प्रसंगी मी हजर, सबब लिहिणे मजवरच आले.

या राज्यात उदाजीराव इंगवले म्हणोन एक गृहस्थ होते, साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरील दारोगे, अंगाने थोर आणि बोलणे थोडे. त्यांजपाशी एक मोटार होती, परदेशी बनावटीची, निळी, दोन दारांची, लांब नाकाची आणि पोटात आठ नळकांड्यांचे यंत्र. ती रावांनी मोडकी आणिली आणि चार वर्षे स्वतः खपोन चालती केली, आणि मग अकरा वर्षे स्वतःच हाकिली. सुरू केली म्हणजे शेजारच्या मांडणीवरील भांडी वाजत आणि शेजारी काही म्हणत नसत, कारण त्यांच्या घरची लग्नाची वरात त्याच मोटारीतून निघे. ऐसे असता कारखान्याच्या आवारात उसाची ट्रॉली मागे सरकली आणि रावांचा डावा पाय गुडघ्याच्या वर गेला. आता पाय गेला तो नेमका डावा, आणि मोटारीचा क्लच डाव्या पायाचा, आणि क्लच दाबल्याखेरीज गियर पडत नाही. सबब मोटार दोन वर्षे ताडपत्रीखाली राहिली. रावांचे चुलतबंधू हणमंतराव रविवारी येऊन तीस गावातून फिरवीत आणि प्रत्येक गियरास यंत्र करकरे, ते ऐकोन राव ओसरीवर बसल्या जागी दात आवळीत. लोक म्हणों लागले जे, मोटार विकावी. तेव्हा राव बोलिले, "मोटार माझी आहे. मी तिच्यासाठी चार वर्षं जमवून घेतलं. आता तिनं माझ्यासाठी जमवून घ्यावं." आणि मला बोलावोन म्हणाले, "अर्ज लिहा. क्लच हातानं दाबता येईल असा दांडा बसवायचाय. बाकी काही नको."

बाकी काही नको हे शब्द मी अर्जात तसेच लिहिले, ठळक लिहिले, आणि त्या शब्दांकडे या राज्यात कोणीही पाहिले नाही. श्रीमंत सरकारचा हुकूम ऐसा की, वाहनात काही बदल करणे तर चाकांच्या कचेरीचा शिक्का घ्यावा. अर्ज कचेरीत गेला, तो समास दोन बोटे कमी म्हणोन परत आला. समास वाढवोन पाठविला, तो मजकूर खाली सरकला म्हणोन परत आला. तिसरा अर्ज वैशाखात दाखल जाहला आणि ज्येष्ठात उत्तर आले, ते अक्षरशः ऐसे: "अर्जदाराने समक्ष येऊन तिन्ही पेडल पायांनी दाबून दाखवावेत, म्हणजे हाताने दाबण्याच्या परवानगीचा विचार करता येईल." मी ते रावांस दोनदा वाचोन दाखविले. राव म्हणाले, "पुन्हा लिहा." मग मी पुन्हा लिहिले, आणि आणखी पुन्हा लिहिले, आणि सातवा अर्ज गेला तेव्हा धोंड्याचा महिना लागला आणि कचेरीचे अंमलदार जावई म्हणोन वाण घेण्यास सासुरवाडीस गेले, ते पंधरा दिवस आलेच नाहीत.

इकडे हणमंतरावांनी मनावर घेतले. माणूस मायेचा, परंतु दुसऱ्याचे वाक्य पुरे ऐकोन घेण्याची सवय नाही. ते रावांस म्हणाले, "दादा, तुम्ही काळजी सोडा, माझ्या ओळखीचा माणूस आहे," आणि मोटार शहरातील रेवणाप्पा म्हणोन नामांकित कारागिराकडे घेऊन गेले. वीस दिवसांनी परत आणिली, तो आधी आवाज आला, मग मोटार आली. निळ्या रंगावर नाकापासोन दारांपर्यंत पिवळ्या-तांबड्या ज्वाळा काढिल्या होत्या, चाके वीतभर रुंद घातली होती, पोटाखाली हिरवे दिवे लाविले होते, आसनांस वाघाच्या पट्ट्यांचे कातडे चढविले होते आणि नऊ सुरांचा भोंगा बसविला होता, तो हणमंतरावांनी वाजवोन दाखविला आणि सगळी आळी गोळा जाहली. राव कुबड्या घेऊन उठिले, मोटारीभोवती एक फेरी केली आणि दार उघडोन आत पाहिले.

"हणमंता, दांडा कुठाय?"

"दांड्याचं काय, दादा, तो नंतर कधीही बसतो. आधी चाकं तरी बघा."

रावांनी दार लोटले. त्यांच्या पत्नी सगुणाबाई दारात उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "भाऊजी, नुसता दांडा बसवून आणायला सांगितला होता." त्यावर हणमंतराव म्हणाले, "वहिनी, तुम्हाला ह्यातलं कळत नाही. गाडीला रुबाब पाहिजे." बाई आत गेल्या आणि आतून ताटे जरा जोराने ठेविल्याचा आवाज आला.

मोटार पुन्हा रेवणाप्पाकडे गेली आणि श्रावणात दांडा बसवोन आली, आणि मी म्हटले सुटलो. राव आसनावर बसले आणि पाहतात तो दांडा सुकाणूच्या उजव्या अंगास, खाली, पार पुढे. राव म्हणाले, "उजवा हात दांड्यावर, डावा गियरवर, मग सुकाणू कोण धरणार?" रेवणाप्पा समक्ष आले होते, ते म्हणाले, "सवयीनं जमतं, साहेब." राव म्हणाले, "आणि हात पोचत नाही." तेव्हा चौकशी करिता ऐसे निघाले की, माप घेतेवेळी आसनावर हणमंतराव बसले होते, सबब माप हणमंतरावांच्या हाताचे घेतले गेले, आणि त्यांचे हात गुडघ्यांपर्यंत लोंबतात. ज्यास पाय नाही त्याच्यासाठी दांडा करणे, आणि माप ज्यास दोन्ही पाय आहेत त्याचे घेणे, यावर मी काय लिहावे.

तरी राव जिद्दीचे, म्हणाले एकदा पाहू. यंत्र सुरू केले, दांडा ओढण्यास पुढे वाकले, क्लच मुळातच जड, सबब अंगाचे सारे वजन घालावे लागले, त्यात छाती सुकाणूवर दबली आणि दांडा हातातोन सुटला. मोटारीने उडी घेतली आणि फाटकाच्या खांबावर जाऊन बसली. खांब आडवा जाहला आणि भोंगा अडकला, तो नऊही सूर एकामागोन एक वाजवीत राहिला, आणि आळीतले लोक दुसऱ्यांदा गोळा जाहले. हणमंतरावांनी तार उपटली तेव्हा शांत जाहले. मग जो तो म्हणों लागला जे, आम्ही आधीच सांगत होतो, आता हट्ट सोडावा. सगुणाबाईंनी रावांस हात देऊन बाहेर काढिले. रावांच्या कपाळास टेंगूळ आले होते, त्याचे काही नाही, परंतु त्यानंतर तीन दिवस ते कोणाशी एक शब्द बोलिले नाहीत, आणि चौथे दिवशी मला म्हणाले, "अर्ज परत मागवा. मोटार विकून टाकू." सात वेळा अर्ज लिहिलेल्या माणसास हे ऐकोन संतोष व्हावा, परंतु मी अर्ज परत मागविला नाही.

तेव्हा सगुणाबाईंनी मला संगे घेतले आणि त्या पेठेच्या टोकास दस्तगीर मिस्त्रींच्या दुकानी गेल्या. दस्तगीर मिस्त्री म्हणजे उसाच्या रसाचे चरक आणि हातपंप दुरुस्त करणारा वृद्ध माणूस, मोटारींशी त्यांचा संबंध फारसा नव्हता. बाईंनी सारी हकीगत सांगितली आणि म्हणाल्या, "मिस्त्री, तुम्ही कुणाचं काही ऐकू नका. फक्त ह्यांना विचारा." मिस्त्री कानस ठेवोन म्हणाले, "हात त्यांचा, गाडी त्यांची. मी दुसऱ्या कुणाला विचारणार?" सहा महिन्यांत ऐकलेले हे पहिले शहाणपणाचे वाक्य, सबब मला तेथेच रडू येईल की काय ऐसे वाटले.

मिस्त्री आले. त्यांनी ज्वाळांकडे पाहिले नाही, चाकांकडे पाहिले नाही. रावांस आसनावर बसविले आणि म्हणाले, "राव, डोळे मिटा. गाडी तुमची पहिली होती तशीच आहे असं समजा. आता गियर बदलायचाय, क्लच पाहिजे. हात कुठं जातो?" रावांनी डोळे मिटले आणि पुष्कळ वेळ काही केले नाही, आणि मग त्यांचा डावा हात उठोन गियरच्या दांड्याच्या मानेशी गेला आणि दोन बोटे तेथे अडकली. मिस्त्रींनी खिशातोन सुतळी काढोन त्याच जागी गाठ बांधिली. "इथं बसंल," म्हणाले, "सायकलच्या ब्रेकसारखी पकड. दोन बोटांनी ओढायची, तळहात गियरवरच राहील."

राव म्हणाले, "क्लच जड आहे, मिस्त्री. पायाला जड जायचा, तो बोटांना काय जमणार?"

"जड आहे म्हणूनच मी आलो, राव. हलका असता तर बाईंनीच बसवला असता."

मग मिस्त्रींनी भंगारातल्या लॉरीचा हवेचा डबा आणिला, जो ब्रेक दाबतेवेळी पायास बळ देतो तो, आणि क्लचास जोडिला, म्हणजे बोटांनी नुसती खूण करावी आणि जोर डब्याने लावावा. राव रोज शेजारी खुर्ची टाकोन बसत, हातात पाना घेत, येथे अर्धा सूत कमी, तेथे थोडे वर, ऐसे सांगत, आणि मिस्त्री ते ऐकत. रुंद चाकांनी सुकाणू जड होते म्हणोन रावांनी जुनी चाके परत बसविली. ते पाहोन हणमंतरावांचे तोंड उतरले आणि ते म्हणाले, "दादा, मला वाटलं, गाडी बघून तुम्हाला बरं वाटेल."

राव म्हणाले, "बघण्यात माझी दोन वर्षं गेली, हणमंता. मला ती चालवायची होती."

हणमंतराव खाली बसोन चाकाचे बोल्ट आवळू लागले.

आश्विनात त्या सातव्या अर्जावर अंमलदारांनी परीक्षेस बोलाविले. ते रावांच्या शेजारी बसले, मी मागे. अंमलदारांनी खाली पाहोन पुसिले, "डावा पाय?" राव म्हणाले, "नाही." अंमलदार म्हणाले, "मग क्लच दाबता कशानं?" रावांनी दोन बोटे दाखविली. अंमलदारांनी मोटार टेकडीच्या चढावर नेवविली आणि ऐन चढात म्हणाले, "थांबवा. आता निघा. मागं सरकली तर परवानगी नाही." खाली एक बैलगाडी येत होती. रावांनी उजवा पाय ब्रेकावर ठेविला, बोटे हळूहळू सैल केली, यंत्राने ओढ घेतली आणि मोटारीचे नाक किंचित उचलले, तेव्हा पाय काढिला, आणि मोटार सुतभरही मागे न येता चढोन गेली. अंमलदार खाली उतरले आणि बहुत वेळ कागद चाळोन म्हणाले, "छान चालवलीत. पण फॉर्मात ह्याला रकाना नाही." मी पट्टी काढिली, फॉर्मावर रकाना आखिला आणि कागद पुढे सरकविला. अंमलदारांनी मजकडे पाहिले, रकान्याकडे पाहिले, आणि त्यात शिक्का मारिला. वर म्हणाले, "मात्र ज्वाळा काढा. रंगाची परवानगी घेतलेली नाही." त्या ज्वाळा हणमंतरावांनी स्वतः चार दिवस घासोन काढिल्या आणि रेवणाप्पाचे नाव पुन्हा काढिले नाही.

कार्तिकात एके सकाळी राव सगुणाबाईंस घेऊन त्यांच्या बहिणीच्या गावी निघाले, गाव चौदा कोसांवर, आणि मला आग्रह करोन मागील आखूड आसनावर बसविले, तेथे माझे गुडघे हनुवटीशी. दोहों बाजूंस जोंधळा उभा होता आणि रस्ता मोकळा होता. राव दोन बोटे ओढीत, गियर पडे, आणि यंत्र न करकरता पुढे जाई. पहिल्या दोन कोसांत बाई रावांच्या हाताकडे पाहत होत्या. मग रस्त्याकडे पाहों लागल्या. मग मी पाहतो तो त्यांची मान खिडकीशी कलली होती आणि त्या निजल्या होत्या. दोन वर्षे ज्याच्या त्याच्या गाडीत रावांस बसवोन नेताना त्या सारा वेळ ताठ बसत, हाकणाऱ्यास हळू म्हणत, वळण आले म्हणजे रावांचा दंड धरीत. आता हात मांडीवर मोकळे पडले होते.

गाव आले. बहीण रस्त्याच्या कडेस उभी होती, तिने हात वर केला. रावांनी सुकाणूवरचे एक बोट उचलोन तिला खूण केली आणि मोटार तशीच पुढे नेली.

मी म्हटले, "राव, गाव मागं राहिलं."

राव हलक्या आवाजात म्हणाले, "राहू दे. निजलीय ती."

सारांश, नऊ महिने, सात अर्ज, एक खांब आणि वीतभर लोखंड, आणि त्यात ज्याची मोटार त्यास पुसणारा माणूस एकच निघाला. त्या दिवशी आम्ही आणखी सहा कोस जाऊन मग परतलो आणि बहिणीकडे दुपार टळल्यावर थंड भाकरी जेविलो, व ती फार रागावली होती. घडले तितुके लिहिले, अधिक पुसू नये.