घरात हाय का बगितलं?

आमच्या फलटणच्या माती तपासणीच्या प्रयोगशाळेत कुणी कॉम्प्युटरवर इंटरनेटवरून काही उतरवून घ्यायला लागलं, की मागून आवाज येतोच, "घरात हाय का बगितलं?" हे आमचे आण्णा. फौजेत सिग्नलच्या तुकडीत होते, आता इथले कॉम्प्युटर सांभाळतात. कॉम्प्युटरवर आधीच असलेलं पॅकेज, म्हणजे तयार प्रोग्रॅमचा संच, कुणी दुसऱ्यांदा उतरवलं, तर या माणसाला जेवण जात नाही. मी नवं पंचिंग मशीन मागवलं, तर तीन कपाटं उपसून त्यांनी जुनं शोधलं आणि माझ्या टेबलावर आणून आपटलं. गंजून बसलं होतं, ती गोष्ट वेगळी.

त्या दिवसांत स्वारी जरा गप्प होती. धाकटा भाऊ वेगळा होत होता. घराच्या मधल्या दारात भिंत घालायला गवंडी येणार होता. आण्णांनी लग्न केलेलं नाही. पुतणी त्यांच्याच ताटात जेवून वाढलेली. ती पलीकडे जाणार, याची धास्ती होती.

मी सांगलीची, हट्टी. मातीच्या नमुन्यांचे आलेख काढायला पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहिला आणि शिस्तीत त्याला वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट केलं. म्हणजे त्या कामाची स्वतंत्र खोली, एकाचं सामान दुसऱ्यात मिसळत नाही. चालवून बघते तर आकडेमोडीचं नमपाय पॅकेज सापडेना. मशीनवर तर होतं! वैतागून पुन्हा उतरवायला बसले. इंटरनेट रेंगाळलं आणि आण्णा हजर.

आता बोलणी बसणार, म्हणून मी मान खाली घातली. पण त्यांनी खुर्ची ओढली, एन्व्हायर्नमेंटमधली सेटिंगची छोटी फाईल उघडली आणि मशीनची पॅकेजं घ्यायची का, या ओळीत फॉल्सचं ट्रू, म्हणजे 'नाही'चं 'हो' केलं. प्रोग्रॅम पळाला की! मला भलतंच नवल वाटलं. एखाद्या पॅकेजची वेगळी आवृत्ती लागली तर, मी म्हटलं. ती आपल्या खोलीत आणायची, आधी तीच सापडते, मशीनवरच्या जुन्या आवृत्तीला धक्का लागत नाही, असं ते रंगून सांगत होते. मग मशीनकडूनच सगळ्यांना दार उघडून ठेवता येत नाही का, मी विचारलं.

आण्णांनी फाईल बंद केली. "न्हाई म्याडम. थोरल्या घराच्या हातात ते नसतंय. नव्या घरानंच ठरवायचं."

महिन्याभरानं त्यांच्या घरी गेले. भिंत नव्हती, नवं दार होतं. भिंत नको म्हणून आण्णांनी भावाच्या मिनतवाऱ्या केल्या होत्या. भाऊ एका अटीवर तयार झाला, की कडी त्याच्या बाजूनं राहील.

उघडतात का कधी, मी विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

काहीतरी बोलायचं म्हणून मी तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला. दारापलीकडे पुतणी पाढे म्हणत होती.

"जरा थांबा. सतराचा चाललाय, तितं ती चुकती."

सतरा चोक अडुसष्ट झालं आणि पोरगी अडली. आण्णा उठले, बंद दाराशी वाकले आणि तिला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, "पंच्याऐंशी, बाळा."