खडखडाटातला गळा

काशिनाथदादांना गायला यंत्र लागायचं. तंबोरा नव्हे, पेटी नव्हे. खडखडणारं कुठलंही यंत्र.

टेमघरला आमच्या शेजारच्या खोलीत ते आणि हिरावहिनी राहायचे. मूलबाळ नव्हतं. दादांचा जन्म गेला पॉवरलूमच्या कारखान्यात. तिथे लूम चालू असताना शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी त्याला ऐकू जात नाही. दादा अख्खी ड्युटी अभंग म्हणत काढायचे. ऐकणारा कोणी नाही, तर घाबरायचं कुणाला?

"लूमला कान न्हाईत," ते म्हणायचे. "आपला श्रोता बेस्ट."

माणूस श्रोता मात्र त्यांना सोसत नसे. आमच्या भजनी मंडळात मी पखवाज वाजवतो, दादा मागे बसून झांजा वाजवायचे. एका गणपतीत बुवांचा घसा बसला आणि त्यांनी दादांना पुढे ओढलं. ज्येष्ठमध चघळून झाला, मिठाच्या गुळण्या झाल्या. बुवांनी बसक्या आवाजात मंत्र दिला, "डोळे मीट. पोटातून श्वास घे. समोर कुणी नाही असं समज."

दादांनी डोळे मिटले, श्वास घेतला, आणि तो सोडायचाच विसरले. मी तोच ठेका बडवत बसलो. बायका पदराआड हसायला लागल्या. शेवटी दादांच्या तोंडून कसंबसं निघालं, "तो जनरेटर जरा जवल आना ना."

त्यानंतर त्यांनी पुढे बसायचं नाव काढलं नाही.

घरी ही अडचण हिरावहिनींनी सोडवली होती. संध्याकाळी त्या शिलाई मशीनवर बसायच्या, शिवायला कापड असो वा नसो. रिकामं मशीन धडधडायला लागलं की भिंतीपलीकडून दादांचा आवाज यायचा. वहिनींचे पाय थकले की अभंग अर्ध्या ओळीत तुटायचा. नवऱ्याच्या गाण्यासाठी इतके पाय दुखवून घेणारी दुसरी बाई मी पाहिली नाही.

मग कारखाना बंद पडला. लूम फोडून भंगारात गेले. दादा काल्हेरला एका गोडाऊनवर वॉचमन म्हणून लागले. "तिथं सगला गप हाय," म्हणाले. "मेल्यावानी." आणि त्यातच वहिनींच्या पोटात कॅन्सर निघाला.

एका दुपारी मी पेज घेऊन गेलो होतो. वहिनी अंथरुणाला खिळलेल्या. हाडं तेवढी उरली होती. माझ्यादेखतच त्या म्हणाल्या, "अवो, एकदा मशीन बंद असताना म्हना ना. इतकी वर्सा झाली, तुमचा गाना मी धड ऐकलाच न्हाय."

दादांनी तोंड उघडलं. गळ्याची शीर टरारून फुगली. आवाज फुटेना. ते उठून मोरीत गेले आणि नळ सोडून उभे राहिले. तिथूनच म्हणाले, "तू बरी हो. मंग म्हनतो."

त्या बऱ्या झाल्या नाहीत.

दहाव्याला नदीवर पिंड मांडला. कावळे समोरच्या झाडावर होते, पण एकही खाली उतरेना. मग सुरू झालं ते नेहमीचं: गेलेल्याचा जीव कशात अडकलाय ते ओळखून शब्द द्यायचा. वहिनींचा भाऊ म्हणाला, "ताई, दिघाशीच्या घरी आयेला मी सांभालीन." पुतण्या म्हणाला, "काकू, काका आमच्याकडं जेवतील." कावळे ढिम्म. ऊन चढलं. भटजी दर्भाचा कावळा वळायला बसले.

वहिनींचं काय राहिलंय ते मला ठाऊक होतं, दादांनाही. पण मी ते कुठल्या तोंडाने बोलणार? सगळी माणसं दादांकडे बघत होती. कुठे साधा पंपसुद्धा चालू नव्हता.

दादांनी डोळे मिटले. पहिला सूर फाटला. दुसरा घशातच राहिला. तिसऱ्याला आवाज लागला, आणि मग एकदम मोकळा झाला. इतकी वर्षं भिंतीतून ऐकलेला तो गळा मी प्रथमच स्वच्छ ऐकत होतो. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

फडफड झाली. कावळा पिंडाला शिवला. लोकांनी सुटकेने हात जोडले आणि ते चपला शोधायला लागले. पुतण्याने दादांचा दंड धरला. "काका, शिवला. चला आता."

दादांनी डोळे उघडले नाहीत. दंड सोडवून घेतला.

"थांब रं. अजून कडवी हायेत. तिला पुरा ऐकायचा हाय."