डब्यावरचे चारशे ग्रॅम

लेबल वाचावं तर मीच! बोईसरच्या औषध कारखान्यात बावीस वर्षं मी तेच करतोय. घरी बिस्किटाचा पुडासुद्धा आधी वाचतो, मग खातो. त्यामुळे आगाशीत आमच्या शेजारी राहणाऱ्या ॲनिशाला केकचं सामान डब्याने मोजताना पाहिलं आणि मला राहवेना.

रविवारी मुलाकडचे लग्नाची बोलणी करायला येणार होते. तिच्या आईच्या, एस्थरमावशींच्या, रव्याच्या केकचं गावभर नाव! पण मावशींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्याला पट्टी. केक ॲनिशाने करायचा आणि होणाऱ्या सासूबाईंनी, एलिनाबाईंनी, चाखायचा. पोरगी आधीच घाबरलेली.

आतल्या खोलीतून मावशी सांगत होत्या, "चार डबे रवा, चार डबे साखर, चार डबे खोबरं, सोळा अंडी."

डबा म्हणजे कंडेन्स्ड मिल्कचा जुना, पोचा आलेला पत्र्याचा डबा.

"अगं, डब्याने काय मोजतेस? दाबून भरला की जास्त, सैल भरला की कमी! वजन कर, वजन!"

मी घरून डिजिटल काटा आणला, चष्मा लावला आणि डबा फिरवून वाचला. निव्वळ वजन ४०० ग्रॅम!

"झालं! चार डबे म्हणजे सोळाशे. प्रत्येक गोष्ट एक किलो सहाशे!"

रवा झाला, साखर झाली, खोबऱ्यापाशी गाडी अडली. तीन नारळ खवले तरी काटा पाचशेलाही पोचेना.

"काका, आई तीनच नारळ घेते हां."

"आई अंदाजाने करते. तू मापाने करतेयस!"

सहा झाले. मग माझ्या बायकोला, मनोरमाला, विळी घेऊन बोलावलं. "अहो, हा केक आहे की गावजेवण?" ती म्हणाली. दहाव्या नारळाला आतून आवाज आला, "ॲनिशा, अजून खवतेस?"

"काळजी नको मावशी!" मी ओरडलो. "सगळं ग्रॅममध्ये चाललंय!"

अंड्यांवर मात्र लेबल नव्हतं. ती सोळाच राहिली.

शनिवारी दुपारी दोन मोठे ट्रे भाजायला बेकरीत नेले. बेकरीवाल्या जेम्सने मिश्रणात चमचा खुपसला, तर चमचा उभाच राहिला. "काका, केक आणलाय की रेती?" मी मोठ्याने हसलो.

काट्याबरोबर तो डबाही चुकून आमच्या घरी आला होता. संध्याकाळी मनोरमाने तो रव्याने शिगोशीग भरला, वाटीत उपडा केला आणि वजन केलं. दोनशे दहा.

"चारशे ते दुधाचं वजन होतं," ती शांतपणे म्हणाली. "खोबरं तर याच्याही निम्मं भरेल. जा, सांगून या."

"केक भट्टीत गेलाय. आता सांगून काय उपयोग?" मी म्हणालो. खरं सांगतो, मला तोंड दाखवायची लाज वाटत होती.

रविवारी शेजारी म्हणून आम्हालाही बोलावणं होतं. "हे काका औषध कारखान्यात असतात, मापाला एकदम पक्के!" अशी मावशींनी माझी ओळख करून दिली. एलिनाबाईंनी सुरी लावली. केक कापला गेलाच नाही, तो सांडला! बशीतून थेट त्यांच्या साडीवर! ॲनिशाचा चेहरा पांढराफटक. तिने एकदा माझ्याकडे बघितलं. आता बोलायलाच हवं होतं. मी घसा खाकरला.

"माझंच माप चुकलं, आंटी," ती म्हणाली. "सॉरी."

मी खोकल्याचं नाटक केलं.

"अगं, एवढंच ना? लग्नानंतर मी शिकवीन!" एलिनाबाईंनी साडी झटकली आणि तिला जवळ घेतलं. "पण मापाचं काही अडलं तर या काकांना विचारत जा. एवढा हुशार माणूस शेजारी असताना!"

ॲनिशा सांडलेला केक गोळा करू लागली. मनोरमा माझ्याकडे रोखून बघत होती.

आणि मी, मेल्याने, काय म्हणावं?

"हो, हो! केव्हाही विचार!"