ड्वेनसाठी पोहे

मोहरीलकाका दर शनिवारी टीव्हीच्या डोक्यावर पोह्यांची बशी ठेवायचे.

हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. तो जुना, डब्यासारखा जाड टीव्ही, त्याच्यावर वाफाळती बशी, कडेला लिंबाची फोड. समोर सोफ्याच्या टोकाला काका, इस्त्रीचा शर्ट घालून, गुडघे जुळवून बसलेले. आणि टीव्हीत काय, तर अमेरिकन फुटबॉल. कॉलेजची पोरं हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर पडतायत. त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहायला आलो त्याचा तो पहिला शनिवार. मी जिन्यातच थिजलो. म्हटलं, अमेरिकेतल्या या शॉमबर्गमध्ये एवढी घरं, आणि आपल्याला नेमकं डोकं फिरलेल्या माणसाचं घर मिळालं.

"बस," काका म्हणाले. "बघण्याचा कार्यक्रम चालू आहे."

"कुणाला बघताय?"

"तो एकवीस नंबरचा मुलगा. ड्वेन."

"आणि हे पोहे?"

"बघायचं म्हणजे पोहे नकोत का बाप्पा?"

मॅच संपली, पोहे गार झाले, काका आत गेले. पोहे मी खाल्ले. बरे होते, पण शेंगदाणे नव्हते. तसं मी काकांना तोंडावर सांगितलं, कारण फुकटचं खाऊन वर नावं ठेवायची माझी सवय जुनी आहे. काका एवढंच म्हणाले, "चालत नाहीत." मी समजलो, ड्वेनला चालत नाहीत. एवढा दांडगा गडी आणि शेंगदाण्याला घाबरतो, ही बातमी मी दुसऱ्या दिवशी दुकानभर केली.

दुकान म्हणजे इंडियन ग्रोसरी. मी तिथे भेंडी निवडतो, समोसे तळतो, ट्रक उतरवतो, आणि काउंटरवर कुणी नसलं की तिथेही बसतो आणि चुकीचे पैसे परत देतो. आठवीत शाळेने माझ्यापुढे हात जोडले. बहिणीने स्पॉन्सर केलं म्हणून अमेरिकेत आलो, नाहीतर अमेरिकेला माझी काही गरज नव्हती. फुटबॉलचं म्हणाल तर बरेच महिने मी वाट बघत होतो की हे लोक बॉलला पाय कधी लावणार.

काका मूळचे नागपूरचे. मोठ्या कंपनीत कॉम्प्युटरवर. काकू मी यायच्या आधीच गेल्या होत्या. मुलगी शलाका इथेच जन्मलेली, दूर दुसऱ्या शहरात नोकरीला. तिचा कॉलेजचा फोटो फ्रिजवर होता. ती स्वतः मला कधी दिसली नाही.

ड्राफ्ट म्हणजे काय ते मला काकांनीच शिकवलं. एप्रिलमध्ये सगळ्या प्रो टीम ओळीने बसतात आणि कॉलेजमधल्या पोरांना एकेक करून निवडतात. पोराला कुणी विचारत नाही. ज्यांनी नाव घेतलं त्यांच्या घरी जायचं.

"म्हणजे स्थळच की," मी म्हणालो.

"बघ. तुले बी कळलं. इथल्या एक्स्पर्टांना कळत नाही." मग काकांचं ठरलेलं वाक्य. "मुलगा सगळेच बघतात बाप्पा. घर पाहा, घर."

ड्वेन डिफेन्सला खेळायचा. म्हणजे समोरच्याला पुढे येऊ द्यायचं नाही, हे त्याचं काम. पण हा मागे राखण करायचा, कडेला पळायचा, गरज पडली तर मध्ये घुसून धडकही द्यायचा. कुठेही उभा करा. आणि इथेच अडलं होतं. टीव्हीवर एक टायवाला दर आठवड्याला म्हणायचा, मुलाला सगळं येतं, पण त्याची नक्की जागा कुठली? पहिल्या राउंडला घेणं रिस्की.

काका त्या टायवाल्यावर रिमोट उगारायचे. "हा काय बोलून राहिला? मुलीला गाणं येतं, हिशेब येतो, गाडी येते, तर हा म्हणतो एकच काय ते सांगा."

"काका, मी पण सगळीकडेच खेळतो की दुकानात."

"तू व्हर्सटाइल नाही. तू रिकामा आहेस."

काकांनी ड्वेनसाठी एक घर पक्कं केलं होतं. टीमचं नाव मी सांगणार नाही, त्यांनी मला शपथ घातलीय. "त्या घरात मागे राखणारे म्हातारे झालेत. एकाचा गुडघा कामातून गेलाय. आणि त्यांचा कोच दर डावाला माणसं इकडून तिकडे हलवतो. त्याला एका जागेवर बसणारा मुलगा काय कामाचा? आपला मुलगा तिथे सोन्यासारखा राहील." हे ते इतक्या काळजीने बोलायचे की मलाही रात्री झोपताना ड्वेनचं कसं होणार याची काळजी वाटायची.

आता माझा पराक्रम सांगतो. मार्चमध्ये एका रविवारी मी कपडे धुवायला वर आलो, तर काका फोनवर. "मुलगा उत्तम आहे शलाका. आईने एकटीने वाढवलाय. व्यसन नाही. तुझ्या मनात भरलाय ना? मग झालं. घरच्यांनी हो म्हणायला पाहिजे फक्त."

मी साबणाचा डबा हातात घेऊन गार पडलो. म्हणजे हे सगळं बघणं पोरीसाठी चाललंय. तो दारात मावणार नाही असा ड्वेन मोहरीलांचा जावई होणार, आणि शेंगदाणे चालत नाहीत हे काकांना ठाऊक, म्हणजे बोलणी किती पुढे गेलीत बघा. असं सगळं मी जोडलं. माझं डोकं एरवी चालत नाही, पण चाललं की थांबवता येत नाही.

दुकानात मी हे फक्त रोज भाजीला येणाऱ्या सबनीसकाकूंना सांगितलं. म्हणजे सगळ्या गावाला.

मराठी मंडळाच्या पाडव्याला शाळेच्या जिममध्ये जेवणाच्या लाइनीत सबनीसकाकू काकांसमोर आल्या. "मोहरील, लपवून ठेवलंत हो. जावई फुटबॉल खेळतो म्हणे. आता शलाका येईल ना घरी?"

काकांच्या हातात श्रीखंडाची वाटी होती. ती त्यांनी हळूच परत टेबलावर ठेवली. मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आज बेसमेंट गेलं.

घरी येताना काकाच गाडी चालवत होते. मग एका लाल सिग्नलला म्हणाले, "शलाका चार वर्षांत या घरात आली नाही."

मी सीटबेल्ट धरून बसलो.

"कॉलेजमधून वीकेंडला आली होती. मी तिला न सांगता स्थळ बोलावलं. मुलगा, त्याचे आई-वडील, सगळे सोफ्यावर. हिच्या हातात पोह्यांचा ट्रे दिला. हिने ट्रे टीव्हीवर ठेवला, बॅग उचलली आणि गेली."

सिग्नल हिरवा झाला. मागचा हॉर्न वाजवायला लागला. काका हलले नाहीत.

"आता त्याच टीमच्या ऑफिसात आहे, मी ड्वेनसाठी धरलीय त्या. सगळ्यात खालची असिस्टंट. कॉलेजच्या मॅच बघायच्या आणि कुठला मुलगा चांगला ते वरच्यांना सांगायचं. ड्वेन तिने शोधला. तिचं ऐकलं तर तिला पुढे नेतील, नाहीतर पुढच्या सीझनला ठेवतीलच असं नाही. रविवारी फोन करते. फुटबॉलबद्दल विचारलं तर बोलते. दुसरं काही विचारलं की ठेवते. म्हणून शिकलो बाप्पा. मला या खेळातलं काय आवडतं? पोरं लंगडी होतात."

आणि एवढा माणूस फुटबॉलपायी वेडा आहे असं मी जगाला सांगत होतो.

ड्राफ्ट शनिवारी सकाळी होता. काकांनी तोच इस्त्रीचा शर्ट घातला, पोहे केले, बशी टीव्हीवर. मलाही शर्ट बदलायला लावला. एकेका टीमला विचार करायला पंधरा मिनिटं. मुंडावळ्या बांधून ताटकळत बसल्यासारखं आम्ही बसलो. ड्वेन टीव्हीत आईशेजारी बसला होता, नव्या सुटात, हात कुठे ठेवावेत ते न कळून.

त्या टीमचा नंबर आला. काका उभेच राहिले. स्टेजवरच्या माणसाने चिठ्ठी वाचली.

दुसराच मुलगा. एकाच जागेवर खेळणारा.

टायवाला खूश झाला. काका खाली बसले. मला काही सुचेना, आणि सुचेना की मी खातो. टीव्हीवरची बशी उचलली आणि खायला लागलो.

तेवढ्यात फोन वाजला. रविवार नव्हता.

"हो," काका म्हणाले. "बघितलं." मग बराच वेळ नुसतं ऐकत होते. तिकडून रडण्याचा आवाज येत होता, माझ्यापर्यंत. "शलाका, ऐक. तुझं बघणं चुकलं नाही. लोकांनी नाही म्हटलं, एवढंच. नाही म्हणता येतं लोकांना." मग म्हणाले, "मीच त्या दिवशी विचारायला पाहिजे होतं तुले."

फोन ठेवल्याचा आवाज मी कान देऊन ऐकत होतो. आला नाही.

मग टीव्हीत गलका झाला. दुसऱ्या कुठल्या तरी टीमने ड्वेनचं नाव घेतलं होतं. त्याने टोपी घातली, आई त्याच्या दंडाला धरून रडत होती. काका फोनवरच म्हणाले, "अगं बघ, जमलं त्याचं." दोघंही एकाच वेळी दोन शहरांत तेच बघत होते.

"मी? काही नाही, बसलोय," काका म्हणाले. "पोहे केलेत... नाही, नाही घातले... शेंगदाणे तू वेचून बाजूला काढतेस ना." मग तिने काही विचारलं असावं. "कधीच घालत नाही. चार वर्षं. बशी ठेवतो तिथेच, टीव्हीवर."

मी चमचा बशीत ठेवला.

काका भिंतीकडे वळले आणि हळू आवाजात विचारलं, "कधी?"

मी पाय न वाजवता उठलो आणि बशी होती तिथे परत ठेवली. अर्धीच उरली होती. चमच्याने जरा पसरवली, भरलेली दिसावी म्हणून.