माझा विरोध नोंदवा

आमच्या कॉलनीत कुणाला मुलगी झाली, कुणाच्या पोराला नोकरी लागली की गांगुर्डे काका हजर होतात, पेढा उचलतात आणि खणखणीत आवाजात म्हणतात, "माझा विरोध नोंदवा." मग पेढा खातात. दुसराही घेतात, आणि तरीही निघायचं नाव घेत नाहीत.

नवीन माणूस हबकतोच. समोरच्या घरात राहायला आलेल्या एका बिचारीनं वास्तुशांतीच्या दिवशी हे ऐकलं आणि थेट माझ्याकडे रडत आली, की आमचं काय चुकलं? मी म्हटलं, अगं बाई, तुझं घर त्यांना मनापासून आवडलंय. आवडलं नसतं तर 'छान आहे' म्हणून निघून गेले असते. ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मीही त्यातलीच.

मी कॉलनीच्या मंडळाची सेक्रेटरी. हे पद मी मागितलेलं नाही. ज्या मिटिंगला मी गेले नव्हते, त्या मिटिंगमध्ये ते माझ्या गळ्यात पडलं. अंबडच्या कंपनीत दिवसभर डोकं पिकवायचं, खोदलेल्या रस्त्यांतून स्कूटर दामटत नाशिकरोडला यायचं आणि घरात पाऊल टाकतेय तोवर काका फाटकाशी. बरं, माणूस एका जागी उभा राहील तर शपथ. बोलता बोलता अंगणात फेऱ्या मारणार, कुंड्या हलवणार, माझ्या स्कूटरचा आरसा फिरवून ठेवणार. मी जात्याच तापट. त्यात हे.

काका मूळचे घोटीकडचे. नोटा छापायच्या प्रेसमधून रिटायर झाले आणि लोक जसे देवदर्शनाला लागतात तसे महापालिकेच्या महासभेला लागले. इस्त्रीचा शर्ट, खिशात शेंगदाणे, आणि प्रेक्षक गॅलरीत कोपऱ्यातली खुर्ची. कधी कुठला विषय येणार, सूचक कोण, अनुमोदक कोण, कुठल्या ठरावाला सभा तहकूब झाली, हे त्यांना नातेवाइकांच्या वाढदिवसांपेक्षा जास्त पाठ. नातेवाइकांचे तर अजिबातच नाहीत.

हे खूळ लागलं ते विमलकाकूंमुळे. काकू म्हणजे त्यांच्या बायको, आमच्या कॉलनीच्या टोकाला बालवाडी चालवायच्या. समोरच्या रस्त्यावरून गाड्या सुसाट जायच्या, म्हणून काकूंनी गतिरोधकासाठी अर्ज केला. अर्ज फिरत फिरत सभेच्या विषयपत्रिकेवर आला आणि काका पहिल्यांदा गॅलरीत जाऊन बसले. त्यांचं म्हणणं, काकूंचा विषय कधी आला आणि कधी गेला कळलंच नाही. एकानं क्रमांक वाचला, दुसऱ्यानं 'मंजूर' म्हटलं, लगेच पुढचा. काका पेढे घेऊनच घरी आले. त्याच सभेत एका कारंज्याच्या विषयावर मात्र कुणीतरी उभं राहून म्हणालं, माझा विरोध नोंदवा. झालं! भांडण, आरडाओरडा, लोक पीठासनासमोर, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. कारंजं दिवाळीआधी उडायला लागलं. गतिरोधकाचा कागद कुठे बसला कुणास ठाऊक.

तेव्हापासून काकांचा सिद्धांत पक्का झाला. ते मला बोटांवर मोजून मोजून समजावतात. विरोध झाला की चर्चा होते. चर्चा झाली की इतिवृत्तात येते. इतिवृत्तात आली की कुणीतरी विचारतं. गुपचूप मंजूर झालं त्याची कुणाला आठवण राहत नाय. म्हणून जे व्हावंसं वाटतं त्याला काका विरोध करतात. मनापासून वाटलं तर जोरात विरोध. पुतण्याच्या लग्नात त्यांनी अंतरपाटाच्या वेळीच विरोध नोंदवला होता. मुलीकडचे लोक अजून त्यांच्याशी बोलत नाहीत.

मधली काही वर्षं महापालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. तेव्हा काकांचे फार हाल झाले. ठराव मांडणारा तोच, मंजूर करणाराही तोच, मग विरोध करायचा कुणी? गॅलरीचं सगळं उरलंसुरलं ते घरी काढायचे. संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकू यायचं, "कारल्याच्या भाजीला माझा विरोध नोंदवा." आणि काकू शांतपणे म्हणायच्या, "नोंदवला. बसा आता." काका बसायचे. या माणसाला कुणी बसवल्याचं मी तेवढंच ऐकलंय. कारलं त्यांना जीव की प्राण, हे काकूंना माहीत होतं. चांगलं वाटीभर वाढायच्या.

गेल्या वर्षी काकू गेल्या. साधा ताप म्हणता म्हणता गेल्या.

त्यानंतर काकांचे पाय घरात टिकेनात. सकाळी स्टेशनपर्यंत चालत, दुपारी कॉलनीत चकरा, संध्याकाळी माझं फाटक. घंटागाडीला विरोध, बोगनवेलीला विरोध, माझ्या मुलीच्या दहावीच्या मार्कांना तर इतका जोरात विरोध की शेजारचे बाहेर आले. आणि म्हणून झालं की तिथंच थांबून राहायचे. मला वाटायचं पेढ्यासाठी थांबतात. मी अजून एक पेढा द्यायचे आणि दार लावून घ्यायचे. मला कामं असतात हो.

यंदा निवडणूक झाली, नवीन नगरसेविका आल्या. चांगल्या आहेत, फोन उचलतात. कॉलनीच्या मोकळ्या जागेत मुलांसाठी एक खोली बांधायला त्यांनी आपल्या निधीतून प्रस्ताव टाकला आणि मला निरोप पाठवला, की उद्या विषय प्रभाग समितीपुढे जातोय, खोलीला नाव द्यायचं असेल तर मंडळाचा ठराव सकाळपर्यंत हवा. नाहीतर पुढे कुणाचंही नाव लागेल. कुणाचं, तेही आम्हाला ठाऊक होतं. एका बिल्डरनं आपल्या वडिलांच्या नावासाठी पंखे देऊ केले होते.

संध्याकाळी घाईघाईनं मिटिंग बोलावली. अंगणात सतरंजी टाकली. अध्यक्ष पाटणकर सर, कॉलेजातून निवृत्त झालेले, प्रत्येक वाक्याआधी घसा साफ करणारे आणि समोरच्याचं वाक्य शब्दशः घेणारे. काका नेहमीप्रमाणे सतरंजीच्या कडेनं येरझाऱ्या घालत होते. मी ठराव मांडला, की खोलीला विमलताई गांगुर्डे यांचं नाव द्यावं. निम्म्या कॉलनीच्या पोरांना त्यांनीच शी-शू शिकवलंय, दुसरं नाव शोधायचंच कशाला?

माझं वाक्य पुरं व्हायच्या आत काका थबकले.

"माझा विरोध नोंदवा."

जुन्या लोकांनी माना खाली घातल्या, नवीन लोक एकमेकांकडे बघायला लागले. काका बोलतच सुटले.

"ती कोण मोठी लागून गेली? बालवाडीची बाई. ना कुठलं पद, ना कधी हार घातला कुणी. पोरांची नाकं पुसायची पदरानं. एखाद्याची आई यायला उशीर झाला तर त्याला घरी घेऊन यायची, आणि माझ्या ताटातली पोळी त्याला द्यायची. मला इचारायची पण नाय. रस्ता ओलांडताना पोरांची माळ करायची आणि सगळ्यात पुढं स्वतः उभी राहायची, गाडीसमोर, हात आडवा करून. इतकी वर्षं. असल्या बाईचं नाव द्यायचं? माझा लय विरोध हाय."

पाटणकर सरांनी घसा साफ केला आणि म्हणाले की खुद्द पतीचाच विरोध असेल तर आग्रह धरणं बरं नव्हे, सूचना मागं घ्यावी. नवीन मंडळींनी माना डोलावल्या. कुणीतरी पंख्यांचा विषय काढलाच. मी काकांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. गॅलरीत असं कधी झालं नव्हतं. तिथं विरोधावर कुणीतरी तावातावानं उठायचं, भांडायचं. इथं विरोधाला मान देऊन लोक विषयच गुंडाळायला निघाले होते. आता काकांनी होकार द्यायला हवा होता. उभा जन्म एकच वाक्य म्हटलेलं, दुसरं येणार कुठून?

माझं डोकं फिरलं. मी उभीच राहिले. म्हटलं, सर, सूचना माझी आहे आणि मी ती मागं घेत नाही. विरोध झालाय ना, मग मतदान घ्या. काका काय म्हणाले ते कान देऊन ऐकलंत का कुणी? याच्यापेक्षा चांगलं काकूंबद्दल मला बोलता येणार नाही. विरोध असा असेल तर मला असेच विरोधक द्या.

कोपऱ्यातून समोरच्या घरातली ती, वास्तुशांतीला रडलेली, हळूच म्हणाली, "माझं अनुमोदन." आणि हात वर केला. मग एकेक हात वर जायला लागला. पंखेवाल्यांचाही गेला. सर म्हणाले, विरोधात? काकांनी हात वर केला. एकट्यानं, कोपर सरळ करून, शाळेतल्या पोरासारखा, आणि डोळ्यांतलं पाणी पुसायलासुद्धा तो खाली घेतला नाही.

ठराव बहुमतानं मंजूर झाला. लोक चपला शोधायला लागले. काका मात्र माझ्यासमोर येऊन थांबले, रोज थांबतात तसेच. या वेळी माझ्या हातात पेढा नव्हता. आणि इतक्या महिन्यांनी, देवा, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की हा माणूस रोज माझ्या दारात कशासाठी थांबतो.

"नोंदवला, काका," मी म्हटलं. "बसा आता."

काका सतरंजीवर बसले. बराच वेळ हलले नाहीत. मग म्हणाले, "मी बोललो ते सगळं घेशील ना इतिवृत्तात?"

"शब्द न् शब्द घेते."

"घे. म्हणजे तिचं नाव दोनदा येईल. एकदा ठरावात, एकदा विरोधात."