उड्यांचा पाढा

वरून फर्मान आले, की यापुढे प्राथमिकच्या प्रत्येक तासाला मुलांचे शरीर हललेच पाहिजे. तिसरीच्या गुरुजींचा उजवा गुडघा तोवर संपावर गेला होता आणि निवृत्तीला पाच-सहा महिने उरले होते. पण घरी त्यांच्याशी बोलायला भिंतीवरच्या घड्याळाखेरीज कोणी नव्हते. वर्ग हातचा जाऊ नये म्हणून ते वाट्टेल ते करायला तयार होते. त्यांनी पाढे उड्यांवर बसवले. सात एके सात, पहिली उडी. सात दुणे चौदा, दुसरी. मुलांसोबत स्वतःही मारायची.

मुले खूश झाली, पाढे खडाखडा येऊ लागले. दुर्दैव असे, की मुख्याध्यापिकाबाईंची खोली बरोबर या वर्गाखाली होती. चार महिन्यांनी छताचा एक पोपडा त्यांच्या चहात पडला आणि उड्या बंद झाल्या. तपासणीत वर्ग अडला, तर उरलेले दिवस ग्रंथालयातली कुलूपबंद कपाटे राखायची, असेही बाईंनी बजावले.

तेव्हा कुठे गुरुजींना कळले, की मुलांना बसून पाढा येतच नाही. ते हवालदिल झाले.

तपासणीचे साहेब आले, तेव्हा निवृत्तीला बरोबर चाळीस दिवस होते. त्यांनी विचारले, "सात सक किती?"

एकतीस मुलांच्या पायांची बाकांखाली चुळबुळ सुरू झाली. पहिल्या बाकावरच्या मुलीने बाक दोन्ही हातांनी धरला.

"गुरुजी, उठू का?"

दारात बाई उभ्या होत्या. गुरुजींनी मान हलवून नाही म्हटले.

"मग तुम्हीच सांगा," साहेब म्हणाले.

गुरुजींनी तोंड उघडले, पण त्यांनाही आठवेना. शेवटी त्यांनी चपला काढल्या आणि सहा उड्या मारल्या. सहावीला गुडघ्यात काहीतरी कटकन वाजले.

"बेचाळीस," कोसळता कोसळता ते म्हणाले.

साहेबांनी शेरा लिहिला: शिक्षक स्वतः सहभागी होतात, वर्ग शेवटपर्यंत यांच्याकडेच ठेवावा. बाईंनी निमूट सही केली. चौघांनी उचलून दवाखान्यात नेले, तेव्हाही गुरुजींच्या चेहऱ्यावर हसू होते.

डॉक्टरांनी पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये घातला. "सहा आठवडे घरीच. शाळेचं नाव काढायचं नाही."

सहा आठवडे म्हणजे दिवस किती, हे विचारायला गुरुजींनी तोंड उघडले आणि तसेच मिटले. चार महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना उत्तर बसल्या जागी आले होते.